महाडात जागा

महाडचा इतिहास म्हटला की पाणी. शाळेच्या पुस्तकात पाणी, भाषणात पाणी, वीस मार्चला येणाऱ्या गाड्यांच्या फडक्यांवर पाणी. ते बरोबरच आहे. पण माणूस तळ्यावर ओंजळभर पाणी पितो आणि मग रात्री कुठंतरी पाठ टेकतो. ती पाठ कुणाच्या जागेत टेकली, त्या जागेचे पैसे कुणी मोजले, आणि पैसे मोजायची तयारी असूनसुद्धा कुणी नाही म्हटलं, हे फारसं कुणी लिहीत नाही. मी भिवंडीला मागावर असतो. गाव पोलादपूर तालुक्यातलं, घाटाच्या अंगाचं. शिक्षण दहावी, बाकीचं वाचनालयात. पाळी सुटली की जे हाती लागलं ते वाचून हे जुळवलंय.

१९ आणि २० मार्च १९२७. महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसं आली, बरीचशी चालत. आता गावात हजारो माणसं आली म्हणजे व्यापाऱ्याची दिवाळी. कुठल्याही जत्रेत तेच होतं. इथं काय झालं? परिषदेला प्यायला पाणी नव्हतं. सरकारी ठराव होता, बोले यांचा १९२३ सालचा. महाड नगरपालिकेचा ठराव होता १९२४ चा. कागदावर तळं खुलं होतं. आणि कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात लिहून ठेवलंय की परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपये! १९२७ चे! माझ्या डोक्यात हा आकडा खिळ्यासारखा बसलाय. म्हणजे पाणी विकायला ते तयार होते. तळ्याला हात लावू द्यायला तयार नव्हते. पैशाला विटाळ नव्हता.

मग वीस तारखेला लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन माणसं मंडपावर चालून आली, जेवत्या माणसांना मारलं. बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते. जे वाटेवर सापडले त्यांना झोडपलं, आणि काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्या रात्री महाडात जागा कुणाकडं होती ते असं ठरलं.

डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं. तोवर नगरपालिकेनं आपला ठराव ऑगस्टमध्येच मागं घेतलेला. सत्याग्रह परिषदेला मंडप घालायचा तर जमीन पाहिजे. गावातला एकही हिंदू मालक जमीन द्यायला तयार होईना. भाड्यानंही नाही. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. तिथं मंडप उभा राहिला. गावातले व्यापारी सामान देणार नाहीत हे ओळखून शिधा बाहेरून आणून साठवलेला. बाबासाहेब मुंबईहून २४ डिसेंबरला पद्मावती बोटीनं निघाले, दासगाव बंदराला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. २५ डिसेंबरला त्या मंडपात मनुस्मृती जाळली. मनुस्मृतीवर आपण शंभर लेख लिहिले असतील. ज्या जमिनीवर ती जळाली ती जमीन मिळवायला काय पडलं, त्यावर एखादाच.

आता कोर्टाकडं बघा. डिसेंबर १९२७ मध्येच काही सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि साथीदारांवर दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात त्यांचं म्हणणं काय होतं? विटाळ होतो, धर्म बुडतो एवढंच नाही. त्यांचं म्हणणं होतं की तळं हे आमच्या खाजगी मालकीसारखं आहे. माल आमचा, द्यायचा की नाही आमची मर्जी. दहा वर्षं हा दावा चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही आणि तळं नगरपालिकेचं ठरलं. म्हणजे मालकीची ढाल तळ्यापुरती फुटली. पण ती ढाल त्यांनी फेकून दिली नाही. ती घरात नेऊन ठेवली. घर तर खरंच खाजगी मालकीचं असतं ना!

ही मालकी आली कुठून तेही बघायला पाहिजे. आपल्या भागात खोती होती. महाड, पोलादपूर, खाली रत्नागिरी, सगळा खोतांचा मुलूख. सारा सरकारला भरायचा खोतानं आणि कुळाकडून घ्यायचं ते खोतानं ठरवायचं. अर्धेल, तिर्धेल हे शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून होते. पीक आलं की निम्मं नाहीतर तिसरा हिस्सा खोताच्या खळ्यावर. वर वेठ. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे कुळाचं घर ज्या जमिनीवर उभं, ती जमीनही खोताच्या ताब्यातली. भिंती तुझ्या, कुडाचं कारवीचं काम तुझं, पेंढा तुझा, खालची माती खोताची. वर तोंड केलंस तर घर उचल आणि जा. घर कसं उचलायचं? म्हणून माणूस तोंड वर करत नसे. आज शहरात जो मालक भाडेकरूला म्हणतो ‘पटत नसेल तर खोली खाली कर’, त्याचा आजा हाच.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. बिल पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. महारकीची वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. कायद्यानं जमीन हलली, वाडी हलली नाही. गावठाण एका बाजूला, बौद्धवाडी दुसऱ्या बाजूला, मधे ओढा नाहीतर माळ. आजही एस्टीतून उतरून बघा.

खोताच्या जमिनीवरून माणूस उठला तो मुंबईला. महाड-पोलादपूरची अर्धी माणसं गिरणगावात. तिथं पहिल्यांदा आमच्या लोकांनी ‘भाडं’ ही गोष्ट पाहिली. एका गावची वीसपंचवीस माणसं मिळून एक खोली घेत. गावकीची खोली. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर. ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत. भाडं डोईवारी. पण खाजगी मालकाच्या चाळीत आम्हाला अशी खोली मिळणं अवघड. आमच्या चाळी वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. त्यामुळं आमचे लोक गेले सरकारी चाळींत. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रजांनी १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याच्या बीआयटी चाळी. मग १९२० नंतर बीडीडीच्या २०७ चाळी: वरळी १२१, नायगाव ४२, डिलाईल रोड ३२, शिवडी १२. खोली १६० चौरस फुटांची. लोक त्यांना तुरुंग म्हणत. पण सरकारी मालकाचं एक बरं होतं. कारकून भाडं मागतो, पोथी काढून बसत नाही. स्वतः बाबासाहेब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षं परळच्या बीआयटी चाळ नंबर १ मध्ये राहिले. बॅरिस्टर झाले तरी तिथंच. आपण म्हणतो, किती साधी राहणी! साधी होतीच. पण मला वाटतं याचा दुसरा अर्थही लावावा. १९१७ मध्ये बडोद्याला काय झालं ते आठवा. कोलंबियाला शिकून आलेला माणूस, दरबारची नोकरी, खिशात पैसे, आणि राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. एक हिंदू मित्र, एक ख्रिश्चन मित्र, दोघांनीही टाळलं. मग बागेत बसून राहिले गाडीची वेळ होईपर्यंत. बाजाराचं शास्त्र म्हणतं, ज्याच्याकडं पैसा त्याला वस्तू मिळते. ते शास्त्र लिहिणाऱ्यानं बडोद्यात खोली शोधलेली नाही.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या पुस्तकातली त्याच नावाची गोष्ट आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. रेल्वेतल्या नोकरीवर गेलेला पोरगा जात लपवून राहतो. चोरी कसली? डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून गप्प बसला.

आता कायदा. हा भाग रटाळ आहे, पण समजून घेतला नाही तर एजंट तुमच्या डोक्यावर बसतो, म्हणून लिहितो.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली तेव्हा १९१८ ला पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. मग १९४७ चा मोठा कायदा. त्यात प्रमाण भाडं बांधलं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. भाडेकरूला काढणं मुश्कील केलं. गिरणी कामगार त्यामुळं मुंबईत टिकला, हे कुणीही कबूल करील. पण मालकानं दोन गोष्टी केल्या. एक, डागडुजी थांबवली. दोन, भाड्यानं द्यायला नवीन बांधणं थांबवलं. जी खोली सुटायची तिला पागडी आली. भाडं चाळीस रुपये आणि पागडी हजारांनी. जुना भाडेकरू आत सुरक्षित, नवा बाहेर रस्त्यावर. आमचे बहुतेक लोक नवे. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलं की वर्षानुवर्षं गोठवलेलं भाडं वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात जुन्या भाड्यावर वर्षाला चार टक्के वाढ मालकाला मिळाली, आणि पागडीही कायदेशीर झाली.

आणि हे ‘अकरा महिने’ काय प्रकरण आहे? नोंदणीचा कायदा १९०८ चा. वर्षाच्या वर भाडेपट्टा असेल तर नोंदवावा लागतो. म्हणून अकरा. वर आणखी एक युक्ती. भाडेकरू म्हणायचंच नाही, म्हणायचं ‘लायसन्सी’. भाड्यानं दिलेली नाही हो, फक्त राहायची परवानगी दिली आहे! १९७३ मध्ये सरकारनं ही युक्ती मोडली. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहात होते त्यांना भाडेकरू ठरवलं. मालक हुशार झाला, त्यानं खोल्यांना कुलपं लावली. १९९९ च्या कायद्यानं लायसन्सला पुन्हा मोकळी वाट दिली: मुदत संपली की खोली खाली, नाही केली तर दुप्पट भरपाई. पण त्याच कायद्यात ५५ वं कलम आहे, ते पाठ करून ठेवा. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवला नाही आणि भांडण झालं तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे दिल्यावर पावती मागणं हाही हक्क. पाणी-वीज तोडणं गुन्हा.

जातीचं काय? घटनेचं पंधरावं कलम वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. तलाव आहे! तो शब्द वाचताना मला चवदार तळं दिसतं. या यादीत भाड्याची खोली नाही. ती आली १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्यात. १९७६ ला त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. चौथ्या कलमात कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं, त्यात राहणं यात अस्पृश्यतेवरून आडवं येणं हा गुन्हा आहे. आमच्या जिल्ह्यातली गावकीची वाळीत टाकण्याची प्रकरणं गाजली आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही झाला. उलट बाजूला २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पारशांच्या एका गृहनिर्माण सोसायटीला सभासद पारशीच ठेवायला मुभा दिली. म्हणजे कायदा एका हातानं दार उघडतो, दुसऱ्या हातानं ढकलून ठेवतो.

पण खरी अडचण कलमात नाही. तोंडावर कुणी बोलतच नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत तपासणी केली, २०१५ मध्ये छापली. सारख्याच पगाराची, सारख्याच नोकरीची माणसं. नावं तेवढी वेगळी: सवर्ण, दलित, मुसलमान. एकाच जाहिरातीला तिघांनी विचारायचं. सवर्णाला या म्हणतात. दलिताला कमी, मुसलमानाला त्याहून कमी. जे हो म्हणतात तेही जादा भाडं, जादा अटी लावतात.

महाडात तपासणी मी केली. हौसेनं नाही. धाकट्या बहिणीला महाडच्या आंबेडकर कॉलेजात प्रवेश मिळाला. हे कॉलेज १९६१ पासूनचं, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. आमच्या वाडीवरून एस्टीनं रोज जाऊन येऊन पावसाळ्यात शिक्षण होत नाही. दरड आली की गाडी बंद. तेव्हा आई आणि ती महाडात राहणार असं ठरलं. मी आठ दिवस खाडा टाकून खोली बघायला आलो.

पहिलं कळलं ते हे, की मी एकटा गिऱ्हाईक नाही. एमआयडीसीतल्या कंपन्या साहेबलोकांसाठी फ्लॅट घेतात, कंपनीच्या नावानं, भाव न करता. दुसरीकडं ठेकेदाराची पोरं, यूपी-बिहार-ओडिशाची, एका खोलीत सहा-आठ, भाडं डोईवारी. माझ्या गावकीच्या खोलीसारखीच! मालकाला एका कुटुंबापेक्षा आठ डोकी परवडतात. त्यामुळं आई-मुलगी असं छोटं बिऱ्हाड दोन्हींच्या मधे सापडतं. दुसरं कळलं ते पाण्याचं. पुन्हा पाणीच. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी शहरात शिरलं, तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथं दरडी. तेव्हापासून महाडात भाडं मजल्यावर ठरतं. वर महाग, खाली स्वस्त. एजंट विचारतो, ‘पाणी लागलेली चालेल का?’ वर गेलं की निर्धास्त, असंही नाही. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली, सोळा माणसं गेली. इमारत काही जुनी नव्हती. स्लॅबखाली काय घातलंय ते भाडेकरूला कोण दाखवणार?

तिसरं कळलं ते प्रश्न विचारायची रीत. आडनावावरून इथं पत्ता लागत नाही. कोकणात आडनावं दोन्हीकडं. मोरे म्हटलं तर जावळीचे चंद्रराव मोरे, आणि मोरे म्हटलं तर महाडची परिषद भरवायला धडपडलेले दासगावचे रा. बा. मोरे. माझंही आडनाव असंच. म्हणून मालक विचारतात गाव. गाव सांगितलं की वाडी.

‘वाडी कुठली?’

एवढे दोन शब्द. यात कुठलं कलम लावणार? मी सांगितली. मग चहा येतो, चहा पिऊन होतो, आणि कळतं की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे. एके ठिकाणी मालकीणबाई चांगल्या होत्या, आईची चौकशी केली, मग म्हणाल्या, ‘मला काही नाही हो, पण बाकीच्या बिऱ्हाडांचं बघावं लागतं.’ आठ दिवसांत सात जागा दाखवल्या, त्यांत पाच तळमजल्याच्या. ज्या इमारतीत दोन-तीन खोल्या सहा महिने रिकाम्या होत्या तिथं वाडी विचारली, पण ऐकून सोडून दिली. म्हणजे खोली रिकामी राहिली की मालकाचा विटाळ ढिला होतो, आणि गिऱ्हाईक रांगेत असलं की घट्ट होतो. चाळीस रुपयांचं पाणी आठवलं. म्हणून आपल्या लोकांनी भाड्याचं बोलताना नुसतं ‘जातीयवादी मालक’ म्हणून थांबू नये. खोल्या कमी असतील तिथं मालक पैसेही घेतो आणि जातही पाळतो. सरकारनं भाड्याच्या चाळी बांधणं कधीच सोडलं. मिळालीच सरकारी योजना तर ती मालकीच्या घराची, आणि तिला हप्ता भरायला पगार लागतो.

शेवटी खोली मिळाली, पहिल्या मजल्यावर. भाडं साडेचार हजार, अनामत पंचवीस हजार, एजंटाला एक महिना. लाईटचा पोटमीटर, युनिटचा दर मालकाचा. मालकानं पाचशेच्या स्टॅम्पावर नोटरी करू म्हटलं. मी ५५ वं कलम काढून दाखवलं. तो म्हणाला, ‘वकील आहात का?’ म्हटलं, मागावर आहे. नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा ठरला, करार नोंदवला, दर महिन्याला पावती ठरली. पहिली पावती आईनं डब्यात ठेवलीय, रेशनकार्डाच्या खाली.

करार जूनपासून अकरा महिने, म्हणजे एप्रिलअखेर. बहिणीची परीक्षा मे महिन्यात संपते. त्या एका महिन्याचं मालकाशी अजून बोलणं चाललंय.